चुनखडीचे डोंगर: ज्युलियन आल्प्समधले पाच दिवस आणि पाण्याचा हिशोब

पाऊलखूण

मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्समध्ये पाच दिवस चाललो. पोक्ल्युका पठारावरच्या रुद्नो पोल्येपासून सुरुवात, मग त्रिग्लाव शिखर, आणि सात तळ्यांच्या खोऱ्यातून खाली बोहिन्य सरोवराकडे. दिवसवार वर्णन आणि फोटो नंतर टाकीन. धागा काढायचं कारण वेगळं आहे. निघण्याआधी मी जे काही वाचलं त्यात उंची, चढाईचे तास, पोलादी दोर याबद्दल भरपूर होतं. पण हा अख्खा डोंगर चुनखडीचा आहे आणि त्यामुळे चालणाऱ्याचं सगळं गणित बदलतं, हे मला तिथे घशाला कोरड पडल्यावर कळलं.

या डोंगरांत पाऊस प्रचंड पडतो. पश्चिमेला कानिनच्या बाजूला तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तरी दोन हजार मीटरच्या पुढे गेलं की ओढा नाही, झरा नाही, डबकंसुद्धा क्वचित. पडलेलं पाणी दगडाच्या फटींतून सरळ आत जातं. आपल्या सह्याद्रीत गडावर टाकं खोदलं की बेसाल्टात पाणी वर्षभर टिकतं. ती सवय डोक्यात घेऊन मी गेले होते. नकाशावर हिरवळ दिसली, दरी दिसली, म्हणजे पाणी असणारच असं गृहीत धरलं होतं.

पहिल्या दिवशी त्रास झाला नाही. रुद्नो पोल्ये साधारण १३५० मीटरवर आहे. तिथून जंगल, मग बुटक्या झुडपी पाइनचा पट्टा, मग स्तुदोर खिंड ओलांडून आडवी वाट वोद्निकच्या झोपडीपर्यंत. (झोपडी म्हणतेय खरी, पण या चांगल्या दगडी-लाकडी धर्मशाळा असतात. स्लोव्हेनियन लोक ‘कोचा’ किंवा ‘दोम’ म्हणतात.) संध्याकाळपर्यंत २४०१ मीटरवरच्या प्लानिकाला पोचलो. शेवटच्या दोन तासांत हिरवा रंग संपत जातो आणि पांढरट राखाडी दगडाशिवाय काहीच उरत नाही. ऊन वरून लागतं आणि दगडावरून उलटून खालूनही लागतं. माझी हनुवटी आणि नाकाच्या खालची बाजू भाजली होती. गॉगल नसता तर डोळ्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्रिग्लावकडे निघालो. उंची २८६४ मीटर. प्लानिकाहून आधी धाकट्या त्रिग्लावच्या खांद्यावर चढायचं, तिथे क्रेदारित्साच्या झोपडीकडून येणारी वाट मिळते, आणि मग मुख्य शिखरापर्यंत अरुंद धार. धारेवर पोलादी दोर आणि खुंट्या ठोकलेल्या आहेत. अडचण दोरात नाही, दगडात आहे. ही वाट इतक्या पावलांनी तुडवली आहे की जिथे जिथे पाय ठेवावासा वाटतो तिथे तिथे चुनखडी घासून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. न वापरलेली चुनखडी बुटाला घट्ट धरते, इतकी खरखरीत असते की हाताची सालटी निघतात. तोच दगड झिजला की कोरडा असतानाही सरकतो, आणि ओला झाला तर विचारायलाच नको.

आम्ही धाकट्या त्रिग्लाववर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि इटलीच्या बाजूने ढग चढायला लागले होते. दहा मिनिटांत धार दिसेनाशी झाली, दगडावर ओल धरली. भाऊ म्हणाला, पाऊण तासाचंच तर अंतर आहे. मी परत फिरायचं म्हटलं. त्याला राग आला आणि मलाही वाईट वाटलं, कारण एवढ्या लांबून आलो होतो. अकराच्या सुमारास प्लानिकाच्या खिडकीतून आम्ही त्या धारेवर वीज पडताना पाहिली. सगळ्या धारेला पोलादी दोर बांधलेला आहे हे लक्षात घ्या. भाऊ काही बोलला नाही, त्याने फक्त चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता उठलो. आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. सूर्य वर येताना आम्ही शिखरावर होतो, त्या पत्र्याच्या छोट्या बुरुजापाशी. याकोब अल्याझ नावाच्या एका पाद्र्याने १८९५ साली शिखरावरची ती चार पावलं जागा विकत घेतली आणि तिथे हा बुरूज उभा केला. आत उभ्याने चार-पाच माणसं कशीबशी मावतील एवढाच. पण परक्या राजवटीत आपल्या डोंगरावर आपली खूण असावी म्हणून एक माणूस स्वतःच्या पैशाने शिखर विकत घेतो, हे मला फार मोठं वाटलं. मी त्या पत्र्याला हात लावून बराच वेळ उभी होते.

आता माझी चूक. चौथ्या दिवशी डोलिचच्या झोपडीहून निघताना मी एकच लिटर पाणी घेतलं. वरच्या झोपड्यांमध्ये पाणी म्हणजे छपरावरून गोळा केलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ. बाकी बाटल्या खालून येतात, म्हणून महाग. मी विचार केला, पुढे सात तळी आहेत, पाण्याला काय तोटा. ह्रिबारित्सेची खिंड २३५८ मीटरवर आहे आणि तिथे जाणारी वाट म्हणजे चंद्रावर चालल्यासारखी. झाड नाही, सावली नाही, आवाज नाही. खिंडीत पोचेपर्यंत पाणी संपलं. पलीकडे उतरल्यावर पहिलं तळं दिसलं, पण त्याचं पाणी पिण्याजोगं नाही हे काठावर गेल्यावर समजलं. साचलेलं पाणी, त्यात मेंढ्या आणि शॅमॉय (आल्प्समधलं बकरीसारखं रानजनावर) चरतात तो सगळा उतार धुऊन आलेला. भावाच्या बाटलीत तीनशे-चारशे मिलिलिटर होतं, ते दोघांनी घोट घोट करत सर्वांत खालच्या झोपडीपर्यंत पुरवलं. तोवर माझं डोकं ठणकत होतं आणि पाय कुठे पडतोय याकडे लक्ष राहिलं नव्हतं. घसाऱ्यावर दोनदा घसरले.

तर, अशा डोंगरात चाललेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत. दगड कसा वाचायचा हे कोणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.

अभ्रक

छान धागा. मी भूशास्त्र शिकवतो, आणि या डोंगरात तीनदा गेलो आहे. दगडाबद्दल थोडं लिहितो.

ज्युलियन आल्प्सच्या वरच्या भागातला बराचसा खडक ‘डाखश्टाइन चुनखडी’ या थरांचा आहे. ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, साधारण वीस-एकवीस कोटी वर्षांपूर्वी, उबदार उथळ समुद्राच्या तळाशी हा थरावर थर साचला. कडे पाहताना आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. म्हणून तिथे चढताना पाय ठेवायला नैसर्गिक कट्टे मिळतात, पण त्याच कट्ट्यांवर सुटे दगडही साठून राहतात. वरून चालणाऱ्या माणसाचा बूट लागला की ते खाली येतात. हेल्मेट घालायचं ते पडण्यासाठी नाही, या दगडांसाठी.

पाण्याचं कारण तुम्ही लिहिलंच आहे, त्यात एवढीच भर: पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवतं. जिथे तडा आहे तिथे जास्त. लाखो वर्षांत तड्याची फट, फटीची विहीर, विहिरीची गुहा. कानिन परिसरात ‘व्रतोग्लावित्सा’ नावाची एक विहीर आहे, एका सरळ उडीत ६०३ मीटर खोल. जवळच्याच रोम्बोनच्या पठाराखाली दीड किलोमीटरहून खोल गेलेली गुहा आहे. या सगळ्या प्रकाराला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात तो शब्द स्लोव्हेनियातल्याच क्रास नावाच्या पठारावरून आला. आणि वर गडप झालेलं पाणी खाली एकदम बाहेर येतं. बोहिन्यजवळचा सावित्साचा धबधबा पाहिला असेल तुम्ही, ७८ मीटर उंच, थेट कड्याच्या पोटातून. तुम्ही वर ज्या पाण्यासाठी तळमळलात, त्यातलंच ते असणार.

डोलोमाइट आणि चुनखडी यांत फरक करायला शिका. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असतं. तो छोट्या टोकदार खड्यांत फुटतो आणि घसारा तयार करतो. चुनखडी मोठ्या ठोकळ्यांत फुटते आणि पावसाने तिच्यावर सुरीच्या पात्यासारख्या धारा कोरल्या जातात. अशा धारांच्या पृष्ठभागावर पडलात तर गुडघे फाटतात, पण बूट तिथे घट्ट बसतो.

एक गंमत सांगतो. सात तळ्यांच्या खोऱ्यात चालताना सपाट दगडांकडे लक्ष ठेवा. बदामाच्या आकाराच्या, तळहाताएवढ्या पांढऱ्या रेषा दिसतील. ते मेगालोडोन नावाचे शिंपले, कापले गेल्यामुळे तसे दिसतात. काही ठिकाणी दगडावर गाईची खुरं उमटल्यासारखे दिसतात, आणि आल्प्समधले धनगर त्यांना खुरांचे ठसेच समजत.

मीनल_पु

पाऊलखूण, परत फिरण्याचा भाग वाचताना अंगावर काटा आला. फार बरं केलंत.

माझा प्रश्न: आईला घेऊन जायचं आहे. ती ६१ वर्षांची आहे, रोज चालते, गुडघे चांगले आहेत, पण उघड्या धारेवर तिला भीती वाटते. त्रिग्लाव तिच्यासाठी योग्य आहे का? तिची फार इच्छा आहे, कारण कुठेतरी तिने वाचलंय की प्रत्येक स्लोव्हेनियन माणूस आयुष्यात एकदा तरी तिथे जातो.

उत्तरवारा

मीनलताई, नाही. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. धारेवर भीती वाटणाऱ्या माणसाला त्या वाटेवर नेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. ऑगस्टमध्ये तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच दोरावर येतात. मध्येच पाय लटपटायला लागले तर मागेही जाता येत नाही.

पाऊलखूण यांच्या लेखातल्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. तुम्ही सोपी बाजू निवडलीत ते ठीकच, पण ‘अडचण दोरात नाही’ हे वाक्य नवख्याला चुकीचा दिलासा देईल. हार्नेस (कमरेचा सुरक्षापट्टा) आणि धक्का शोषणारी दोन कॅरॅबिनरांची, म्हणजे दोरात अडकवायच्या कड्यांची, दोरी होती का तुमच्याकडे? मी व्राता दरीकडून प्रागच्या वाटेने गेलो होतो, अल्याझच्या झोपडीपासून. ती १०१५ मीटरवर आहे, म्हणजे शिखरापर्यंत अठराशे मीटरहून जास्त चढ. त्या वाटेवर मी नुसत्या हातांनी दोर धरून चढणारी कितीतरी माणसं पाहिली. एका जागी माझ्यासमोर एक मुलगा घसरला, हात सुटला नाही म्हणून वाचला. त्याचं तोंड अजून आठवतं.

पाऊलखूण

उत्तरवारा, बरोबर आहे तुमचं. दोघांकडेही हार्नेस, दोरी आणि हेल्मेट होतं, ते लिहायचं राहिलं. दोर हातात असला तरी स्वतःला त्यात अडकवल्याशिवाय तो आधार नाही. मूळ लेखातलं वाक्य ‘अडचण दोराइतकीच दगडात आहे’ असं वाचावं.

मीनल, त्रिग्लावऐवजी दुसरे पर्याय आहेत आणि ते दुय्यम मुळीच नाहीत. रुद्नो पोल्येहूनच व्हिशेव्हनिक हे २०५० मीटरचं शिखर आहे. चढ खडा आहे, पण दोर नाही, धार नाही, आणि समोर त्रिग्लाव पूर्ण दिसतो. देबेला पेच २०१४ मीटर, जंगलातून निवांत चढत जाता येतं आणि वर पोचल्यावर पायाखालून एकदम क्रमा दरी सुरू होते. कड्यापासून लांब बसलं की झालं. आणि तळी पाहायची असतील तर सावित्साहून कोम्नापर्यंतची वाट घ्या. पहिल्या महायुद्धात सैन्याचं सामान वर नेण्यासाठी ती खेचरांच्या चालीने बांधली गेली, म्हणून वळणावळणाची आणि समान चढाची आहे. गुडघ्यांवर जराही जोर येत नाही. कोम्नाच्या झोपडीत राहा, दुसऱ्या दिवशी तळ्यांजवळच्या १६८५ मीटरवरच्या झोपडीपर्यंत जा. परत येताना कोमार्चाच्या कड्याने उतरू नका, त्याच वाटेने परत या.

तृणांकुर

वनस्पतींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा पांढरा दगड ओसाड वाटतो, पण फटींमध्ये डोकावून बघा. मी जुलैच्या शेवटी गेले होते तेव्हा एका उभ्या कातळाच्या भेगेत झोईसची घंटाफुलं होती. फिकट निळी, बोटाच्या पेराएवढी, आणि घंटेचं तोंड चिमटीत धरल्यासारखं मिटलेलं. आग्नेय आल्प्सच्या चुनखडीतच ही सापडतात. या फुलाला नाव मिळालं ते वनस्पतिअभ्यासक कार्ल झोईसचं. त्याचा भाऊ झिगा झोईस याच्या प्रोत्साहनाने १७७८ च्या ऑगस्टमध्ये चार स्थानिक माणसं पहिल्यांदा त्रिग्लाववर चढली. एक भाऊ शिखराकडे बघत होता, दुसरा भेगेतल्या फुलाकडे. मला दुसऱ्याचं जास्त कौतुक वाटतं.

आणि तिथल्या धनगरांची गोष्ट: झ्लातोरोग नावाचा सोनेरी शिंगांचा पांढरा शॅमॉय या डोंगरावरच्या बागेची राखण करायचा. एका शिकाऱ्याने त्याला जखमी केलं. रक्त सांडलं तिथे गुलाबी त्रिग्लाव-गुलाब उगवले, ते खाऊन तो बरा झाला, आणि संतापाच्या भरात त्याने सगळी बाग शिंगांनी उधळून टाकली. तेव्हापासून तिथे नुसता दगड. पाणी का नाही, माती का नाही, हा प्रश्न त्या लोकांनाही पडलाच होता.

धुकंपायथा

मी एक वेगळा धोका सांगतो. धुकं.

‘पोदी’ म्हणतात अशी उघड्या चुनखडीची पठारं या रांगेत बरीच आहेत. तिथे दरी नाही, ओढा नाही, म्हणजे ‘पाण्याच्या उताराने खाली जा’ हा आपला जुना नियम चालत नाही. सगळे उतार कुठल्यातरी खळग्यात जातात, खळगा बंद असतो. मी कानिनच्या बाजूला एकटा होतो, सप्टेंबरमध्ये, आणि तासाभरात धुक्यात हरवलो. तिथल्या वाटांवर लाल वर्तुळ आणि मध्ये पांढरा ठिपका अशी खूण रंगवलेली असते. आलोइझ क्नाफेल्त्स यांनी १९२२ मध्ये ती रूढ केली आणि आजही देशभर तीच आहे. मला शेवटची खूण मागे दिसून बराच वेळ झाला होता. पुढे एक छान सपाट बर्फाचा तुकडा दिसला, त्यावरून पलीकडे जावं म्हणून मी काठी टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. ते विहिरीचं तोंड होतं, उन्हाळाभर बर्फाने झाकलेलं.

मी तिथेच खाली बसलो. अभ्रक यांनी लिहिलेला सहाशे मीटरचा आकडा मला तेव्हा माहीत होता. मग एकेक दगड ओळखत, आलेल्या वाटेनेच, शेवटच्या लाल खुणेपर्यंत परत गेलो आणि तिथे धुकं विरेपर्यंत अडीच तास थांबलो. अंगात सगळे कपडे घालून. तेव्हापासून नियम: खूण दिसत नसेल तर पुढे जायचं नाही, आणि अशा पठारावर कधीच एकटं जायचं नाही. मदतीचा क्रमांक ११२ आहे. पण फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून झोपडीतल्या वहीत पुढचा मुक्काम लिहून निघा. शोधणाऱ्यांना तेवढाच धागा मिळतो.

अभ्रक

धुकंपायथा, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. त्या विहिरींत थंड हवा साठून राहते म्हणून बर्फ ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत टिकतो, आणि वरून तो जमिनीसारखाच दिसतो.

बर्फावरून आठवलं. त्रिग्लावच्या उत्तर अंगाला क्रेदारित्साजवळ एक हिमनदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती चाळीस हेक्टरांहून मोठी होती, आता एक हेक्टरही उरलेली नाही. क्रेदारित्साला १९५४ पासून हवामान केंद्र आहे. २००१ च्या एप्रिलमध्ये तिथे सात मीटर बर्फ मोजला होता. असा एखादा हिवाळा आला तरी आता उन्हाळा ते सगळं खाऊन टाकतो. मी १९९८ मध्ये पाहिलेला पांढरा पट्टा माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला नेलं तेव्हा घसाऱ्यात मळकट बर्फाचा तुकडा दाखवावा लागला. त्यांना वाटलं मी जागा चुकलो.

उत्तरवारा

पाण्याचा हिशोब विचारला होता म्हणून: मी या रांगेत माणशी तीन लिटर घेऊन निघतो, कितीही जड झालं तरी. झोपडीत पैसे देऊन पाणी भरून घेण्यात कंजुषी करत नाही. आणि दुपारी एकच्या आत उघड्या धारेवरून खाली. राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायला बंदी आहे, त्यामुळे झोपडी आधी सांगून ठेवावी लागते. ऐन हंगामात शनिवारी तर जागाच नसते. झोपायला स्वतःची पातळ चादरीची पिशवी न्यायची.

जून-जुलैत जाणाऱ्यांनी घळींमधला कडक बर्फ विसरू नये. आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरता येत नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबा.

मीनल_पु

धागा वर काढतेय. आम्ही जाऊन आलो!

व्हिशेव्हनिकला आई माझ्या आधी पोचली. वर बसून तिने त्रिग्लावकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, ‘इथून दिसतो तेवढा मला पुरे.’ दोन दिवसांनी सावित्साहून कोम्ना. त्या युद्धकाळच्या वाटेची वळणं ती मोजत होती, चाळिशीच्या पुढे कुठेतरी मोजणं सोडलं. पाणी तीन-तीन लिटर घेतलं होतं, त्यातलं जवळपास सगळं संपलं.

अभ्रक सर, हे खास तुमच्यासाठी. दुहेरी तळ्याच्या वरच्या बाजूला आम्ही डबा खायला एका सपाट दगडावर बसलो होतो. आईने दगडावर पडलेले कण हाताने झाडले आणि मला म्हणाली, ‘हे बघ, कोणीतरी बदाम काढलाय.’ एक नव्हता. खाली वाकून बघितलं तर आम्ही बसलो होतो तो सगळा दगडच त्यांनी भरलेला होता. आई मग त्यावर बसायला तयार होईना. उरलेला डबा आम्ही उभ्याने खाल्ला.